चाकातली हवा

मोटारीच्या चाकांविषयी बोलण्यासाठी एखाद्या शाळामास्तराने ध्वनिक्षेपकासमोर बसावे, हे आपणांस थोडे चमत्कारिक वाटेल. मी यंत्रज्ञ नव्हे. खानापूर तालुक्यात, जांबोटीपलीकडच्या एका रानातल्या गावी, मी मुलांना गणित आणि विज्ञान शिकवतो. खडू, फळा आणि हजेरीपट ही माझी हत्यारे. परंतु २०२३ च्या जुलै महिन्यात एका रात्री माझ्या गाडीच्या चाकाने मला जो धडा दिला, तो मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळाला नव्हता. आज तोच धडा आपल्यापुढे उलगडावा, असा माझा विचार आहे.

आमचा मुलूख आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. बेळगावाहून चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरणारी वाट आमच्याच अंगणावरून जाते म्हणा ना. जवळच कणकुंबीला मलप्रभेचा उगम. पाऊस असा की, जूनमध्ये एकदा छत्री उघडली म्हणजे ती दसऱ्याच्या सुमारास मिटावयाची. जमीन जांभ्याची, कोरडी असताना विटेसारखी कठीण आणि भिजली म्हणजे लोण्यासारखी निसरडी. मोठ्या रस्त्यावर डांबर असते, पण पावसाने त्याला खड्डे पडतात. आणि वाडीवस्तीच्या वाटेवर डांबराचा प्रश्नच येत नाही.

अशा प्रदेशात बावीस वर्षे मी मोटारसायकलवर काढली. अखेर २०२२ च्या नाताळाआधी, साठवलेले पैसे, पतपेढीचे कर्ज आणि पत्नीच्या दोन बांगड्या यांच्या बळावर आम्ही एक वापरलेली मोटार घेतली. ज्या उंच, दणकट मोटारींना हल्ली सर्वत्र एसयूव्ही म्हणतात, त्या जातीची. पत्नीचे माहेर साखळीजवळचे. तेव्हा घाट चढण्याउतरण्याला ही गाडी बरी, असा हिशेब. चारही चाकांना इंजिनाची ताकद पोहोचते, जमिनीपासून पोट उंच आहे, मागे सामानाला ऐसपैस जागा आहे. आणि तिची चाके! एकोणीस इंचांची, अलॉयची, चांदीसारखी लखलखणारी. त्यांच्या भोवती टायरची काळी कडा इतकी अरुंद, की जणू धोतराला लावलेला काठच. गावातली पोरे त्या चाकांत आपली तोंडे पाहून जात. मीही रविवारी ती पुसून लखलखीत करीत असे. मला वाटे, चाक जितके मोठे, तितकी गाडी बळकट.

ती रात्र आली. आमच्या शाळेतील सहावीचा एक मुलगा संध्याकाळी कोंबड्यांचे खुराडे बंद करावयास गेला असता त्याच्या पायाला साप चावला. त्याचा बाप धावत माझ्या दारी आला. "सर, गाडी काढा," एवढेच शब्द त्याच्या तोंडून निघाले. पोराला मागच्या आसनावर आडवे निजवले, पाय हलू नये म्हणून लाकडाची पट्टी लावली, आणि आम्ही खानापूरच्या दिशेने निघालो. पाऊस मुसळधार होता. पुढचा काही हातांचा रस्ता तेवढा दिसत होता. घाई होती, घाई नसती तर मी त्या डबक्याला वळसा घातला असता. डबके कसले, काठोकाठ भरलेला खड्डा तो. डावे पुढचे चाक त्यात आपटले, बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि सुकाणू डावीकडे ओढले गेले.

उतरून पाहतो तो टायरच्या बाजूची भिंत वीतभर फाटलेली, आणि त्या चांदीसारख्या चाकाला तडा गेलेला. मागच्या फळीखाली स्टेपनी होती, पण ती पूर्ण चाकाची नव्हे. तात्पुरत्या उपयोगाचे एक अरुंद, बारके चाक होते. जॅक लावला तर तो भिजल्या मातीत रुतू लागला. त्याच्याखाली द्यावयास सपाट दगड शोधीत मी अंधारात चाचपडत होतो, आणि गाडीत तो पोरगा "सर, अजून किती?" असे विचारीत होता. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

पाऊण तासाने मागून एक दुधाचा टेम्पो आला. जुना, कडकडणारा, एक दिवा मंद झालेला. त्याच्या चालकाने एक शब्द न विचारता कॅन मागे सरकवले, पोराला आणि बापाला पुढे घेतले, आणि ज्या खड्ड्याने माझी गाडी आडवी केली त्याच्यासारखेच आणखी दहा खड्डे तुडवीत तो निघून गेला. जाताना त्याच्या मागच्या दिव्याच्या उजेडात मला त्याची चाके दिसली. लहानशी लोखंडी चाके, आणि त्यांच्या भोवती जाड, फुगीर, चिखलाने माखलेले टायर.

मुलगा वाचला. त्याला वेळेत प्रतिविष मिळाले. पाचव्या दिवशी तो घरी आला. परंतु सर्पदंशात पाऊण तास म्हणजे काय, हे मी विज्ञानाचा शिक्षक असल्याने मला कोणी सांगावयास नको होते. त्या पाऊण तासाची जबाबदारी रस्त्यावर ढकलता आली असती, पावसावर ढकलता आली असती. पण खड्डा आमच्या गावाला नवा नव्हता, पाऊसही नवा नव्हता. नवे होते ते फक्त माझे चाक.

दोन दिवसांनी ते फुटके चाक घेऊन मी खानापुरातील माझ्या ओळखीच्या टायरवाल्या मिस्त्रींकडे गेलो. वयस्कर गृहस्थ, शाळा चौथीपर्यंतच झालेली. त्यांनी चाक उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "सर, चाक मोठं दिसतंय खरं, पण ह्यात हवा कुठाय?"

श्रोतेहो, त्या एका प्रश्नात सारा विषय आहे. आपण म्हणतो गाडी चाकावर चालते. वास्तविक गाडी हवेवर चालते. रबर आणि लोखंड ही त्या हवेला कोंडून धरणारी भांडी. ही युक्ती प्रथम सुचली ती स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन याला. १८४५ मध्ये त्याने हवेच्या चाकाचे पेटंट घेतले. ती विस्मृतीत गेली, आणि १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीन चाकी सायकलीसाठी ती पुन्हा शोधून काढली. दगडावर आपटणारे चाक हवेमुळे क्षणभर आत दबते, धक्का गिळते आणि पुन्हा मूळ आकाराला येते. हे दबणे घडते ते रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतच्या रबराच्या उंचीत. ती उंची कमी असली म्हणजे दबावयास जागाच उरत नाही. मग खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये टायर अडकित्त्यातल्या सुपारीप्रमाणे सापडतो. माझ्या टायरचे त्या रात्री हेच झाले होते.

ही उंची किती, हे टायरवरच छापलेले असते; वाचता मात्र आले पाहिजे. माझ्या टायरवर २३५/५५ आर १९ असे लिहिले होते. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा किती टायरची उंची. आर म्हणजे रेडियल जातीची बांधणी. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचांमध्ये. एकाच ओळीत मिलिमीटर, शेकडेवारी आणि इंच अशी तीन मापे एकत्र नांदतात; परीक्षेत असे उदाहरण घातले तर पालक तक्रार घेऊन येतील! पण हिशेब सोपा आहे. २३५ चे शेकडा ५५ म्हणजे सुमारे १२९ मिलिमीटर. एवढ्याच हवेच्या उंचीवर माझी गाडी, माझे कुटुंब आणि त्या रात्री ते पोर विसंबून होते.

आता याच रुंदीचा, पण सतरा इंची रिमवर बसणारा २३५/६५ चा टायर घ्या. २३५ चे शेकडा ६५ म्हणजे सुमारे १५३ मिलिमीटर. रिम दोन इंचांनी लहान झाली आणि सर्व बाजूंनी रबराची उंची जवळजवळ एक इंचाने वाढली. संपूर्ण चाकाचा व्यास काढा: पहिल्याचा ७४१ मिलिमीटर, दुसऱ्याचा ७३७. फरक अवघा चार मिलिमीटरांचा. त्याचा अर्धा, म्हणजे दोन मिलिमीटर, एवढेच काय ते गाडीचे पोट खाली येणार. गाडीचा वेग दाखविणारा काटाही जवळजवळ खरेच बोलणार. तो १०० दाखवील तेव्हा खरा वेग साडेनव्याण्णव असेल. म्हणजे ज्याला आपण 'लहान चाक' म्हणतो ते बाहेरून लहान नसतेच. त्यातले लोखंड कमी झालेले असते आणि हवा वाढलेली असते.

आणि यात नवे काहीच नाही. १९४१ मध्ये अमेरिकन सैन्यासाठी जी विलीज जीप तयार झाली, तिची रिम सोळा इंचांची होती आणि टायर सुमारे सहा इंच उंचीचा. सहा इंच म्हणजे १५२ मिलिमीटर! माझ्या सतरा इंची चाकाच्या हिशेबात जी उंची निघाली, तीच ही. स्वातंत्र्यानंतर हीच जीप आपल्या देशात बांधली जाऊ लागली आणि तिने रानावनातली कामे वर्षानुवर्षे केली. आजही ज्या गाड्या खरोखर रानासाठी बांधतात त्यांच्याकडे पाहा. २०२३ साली भारतात विक्रीस आलेल्या मारुतीच्या जिम्नीची रिम पंधरा इंचांची आहे. २०२० साली आलेल्या महिंद्रांच्या थारला अठरा इंचांची अलॉय चाके मिळत, तशी दुसऱ्या प्रतीला सोळा इंचांची लोखंडी चाकेही मिळत. मग एकोणीस आणि वीस इंचांची चाके का बसवतात? केवळ दिखाव्यासाठी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोठ्या रिमच्या आत मोठे ब्रेक मावतात. शिवाय कमी उंचीचा टायर वळणावर कमी लवतो, म्हणून गुळगुळीत महामार्गावर वेगाने जाताना सुकाणू अधिक नेमके चालते. ज्याची वाट तशी, त्याने तशी चाके जरूर ठेवावीत. माझी वाट तशी नव्हती, एवढेच.

तर चाके बदलावयाचे ठरले. येथे माझ्या भाच्याचा प्रवेश होतो. तो बेळगावात असतो, वय चोवीस, आणि मोटारींविषयी त्याला ठाऊक नाही असे काही नाही. तो म्हणाला, "मामा, सतरा कशाला? थेट सोळा घालूया. हवा आणखी वाढेल." तर्क मला पटला. हिशेब मी केलाच होता. दोन इंचांनी इतका लाभ, तर तीन इंचांनी किती, हे त्रैराशिक आमच्या चौथीतली मुलेही मांडतात. त्याने जुन्या बाजारातून सोळा इंचांची चार लोखंडी चाके स्वस्तात आणली. मिस्त्रींनी गाडी उचलली, जुने चाक काढले, नवे चाक लावू गेले, तो ते आत जाईना. ब्रेकची पकड, जिला कॅलिपर म्हणतात, रिमच्या आतल्या अंगाला टेकत होती. मिस्त्री काहीच बोलले नाहीत. त्यांनी चाक बाजूला ठेवले आणि चहा मागवला.

चहा पिताना त्यांनी जे सांगितले ते असे. रिमचा व्यास हे चाकाचे एकच माप. नटांची भोके किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती, मधले मोठे भोक गाडीच्या तुंब्यावर नेमके बसते की नाही, चाक आत किती शिरते आणि बाहेर किती येते, ब्रेकला जागा राहते की नाही, ही सारी मापे जुळली तरच चाक बसले म्हणावयाचे. यांतील चाक आतबाहेर असण्याच्या मापाला ऑफसेट म्हणतात. ते चुकले तर टायर आत पाट्यांना तरी घासतो किंवा बाहेर मडगार्डला तरी. आणि जरी घासला नाही तरी बेअरिंगवर वाकडा भार पडतो. "सर, कंपनीनं आधी काय दिलंय ते बघा," ते म्हणाले.

गाडीची माहितीपुस्तिका मी प्रथमच नीट वाचली. माझ्याच गाडीच्या कमी किमतीच्या प्रतीला कारखान्यानेच सतरा इंचांची लोखंडी चाके आणि २३५/६५ चे टायर दिले होते. ब्रेक तेच, तुंबा तोच. गाडी घेताना वरच्या प्रतीची मिळाली म्हणून आम्ही पेढे वाटले होते. आमच्या वाटेला योग्य चाक होते ते खालच्या प्रतीचे.

यात कायद्याचाही प्रश्न आहे, तो कोणी हलका लेखू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीपत्रात नमूद असलेल्या कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व पुन्हा स्पष्ट केले. म्हणून कारखान्याने त्याच गाडीसाठी ठरवून दिलेल्या मापांच्या आतच राहावे, विमा उतरविणाऱ्यांना लेखी कळवावे आणि शंका असल्यास परिवहन कार्यालयात विचारावे. चिखलातून सुटलेला माणूस कागदात रुतला, असे होऊ नये.

रिम ठरली, पुढे टायरची निवड. रानवाटेच्या टायरांच्या ढोबळमानाने दोन जाती. पहिली चिखलाची. तिच्या नक्षीचे रबरी ठोकळे मोठे आणि त्यांच्यामधल्या चरी रुंद व खोल. चाक फिरताना चरीत भरलेला चिखल बाहेर फेकला जातो, आणि पुढच्या फेऱ्यात ठोकळ्यांना पुन्हा नवी मातीच लागते. दुसरी जात सर्व प्रकारच्या वाटांची. तिच्या चरी मध्यम, ठोकळे जवळजवळ, आणि ठोकळ्यांवर बारीक चिरा. भाच्याचे मन अर्थातच पहिल्या जातीवर जडले. तो टायर दिसतोही मोठा रुबाबदार. पण मिस्त्रींनी विचारले, "सर, महिन्यात चिखलात किती, डांबरावर किती?" मी मनाशी हिशेब केला. दहा किलोमीटरांत फार तर दोन चिखलाचे. आणि ओल्या डांबरावर ते मोठे ठोकळे उलट कमी पकड देतात, कारण रस्त्याला टेकणारे रबर कमी असते; ब्रेक दाबल्यावर गाडी अधिक अंतर घेते. चोर्ल्याच्या उतरणीवर, पावसात, पुढच्या वळणावर ट्रक उभा असताना, मला चिखलाची पकड काय कामाची? आम्ही सर्व वाटांचा टायर घेतला.

घेताना तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, टायरवरील भाराचा अंक. आमच्यावर १०४ होता, म्हणजे एका टायरला ९०० किलोंचा भार सोसतो. हा अंक मूळ टायरहून कमी कधीही असू नये. दुसरी, वेगाचे अक्षर. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. आमच्या रस्त्यांना ते पुरून उरते, परंतु कारखान्याने सांगितल्याहून खालचे अक्षर घेऊ नये. तिसरी, जन्मतारीख. लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ३६२३ असेल तर तो टायर २०२३ सालच्या ३६ व्या आठवड्यात तयार झाला. जुना, पडून राहिलेला टायर नक्षी शाबूत असूनही आतून कडक झालेला असतो. आणि टायर घेतले पाच, चार नव्हे. स्टेपनीही त्याच मापाची. ज्या गाडीची चारही चाके इंजिनाला जोडलेली असतात तिचे एखादे चाक निराळ्या व्यासाचे असले, तर सरळ रस्त्यावरही चाकांच्या फेऱ्यांत फरक पडत राहतो आणि आतले दात त्याची किंमत मोजतात.

२०२३ च्या नोव्हेंबरात चाके बसली. मिस्त्रींनी नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले, माप दाखविणारा पान्हा वापरला, आणि बजावले, "शंभर किलोमीटर झाल्यावर परत या, नट पुन्हा बघायचेत." गाडी घेऊन गावात शिरलो, तो पोरांनी घेराव घातला. चांदी गेली होती. तिथे काळे लोखंड होते. एकाने विचारलेच, "सर, पैसे संपले काय?"

आता रानवाटेवरच्या हवेविषयी. त्या वाटेवर टायरमधील हवा थोडी कमी करावी, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. पण ही जुनी विद्या आहे. राल्फ बॅगनोल्ड नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी १९२९ पासून लिबियाच्या वाळवंटात साध्या मोटारी घेऊन हिंडला. वाळूत टायरची हवा कमी करावयाची, ही त्याची एक मुख्य युक्ती. १९४० मध्ये ईजिप्तमध्ये त्याने वाळवंटात दूरवर टेहळणी करणारे पथक उभारले तेव्हा हाच अनुभव कामी आला. ते वाळूचे झाले. मऊ चिखलालाही गणित तेच. वर्गात मी ते असे मांडतो. गाडीचे वजन १८०० किलो धरा. एका चाकावर ४५० किलो, म्हणजे सुमारे ९९० पौंड. चाकात चौरस इंचाला ३३ पौंड हवा असेल तर तो भार पेलण्यास ३० चौरस इंच जागा जमिनीला टेकावी लागते. हवा १८ पौंडांवर आणली तर ५५ चौरस इंच. टायरच्या अंगच्या ताठपणामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे निराळे येतात, पण तत्त्व खरे आहे. चाकाचा तळवा लांब होतो, भार पसरतो आणि चाक रुतत नाही. मऊ जमिनीवर आपण अनवाणी चालू शकतो आणि टाचांच्या बुटांनी रुततो, तसेच हे. आणि हवा कमी करण्याची मुभा उंच भिंतीच्या टायरलाच खरी. त्या १२९ मिलिमीटरांच्या कडेत हवा कमी करणे म्हणजे रिम थेट दगडावर ठेवण्यासारखे.

मात्र पथ्ये आहेत. हवा कमी केल्यावर गाडी सावकाश, धावत्या माणसाच्या वेगाने न्यावी. झटक्याने वळू नये, नाही तर टायर रिमवरून सुटेल. तीक्ष्ण दगडांच्या वाटेवर हवा फार उतरवू नये. तेथे टायरची भिंत चिरते. आणि डांबरावर येताच, आधी हवा भरावी, मग वेग घ्यावा. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि तापून फुटतो. यासाठी बॅटरीवर चालणारा एक लहान पंप आणि हवा मोजण्याचे एक मापक मी गाडीत ठेवले आहे. दोन्ही मिळून एका शालेय दप्तराएवढी जागा घेतात.

आपण म्हणाल, सर्व लाभच का? मुळीच नाही. रानवाटेचे टायर सडकेवर गुणगुणतात; आमच्या घरी त्या आवाजाला 'मधमाश्यांचे पोळे' असे नाव पडले आहे. गाडी वळणावर पूर्वीपेक्षा किंचित उशिरा ऐकते. जाड रबर आणि लोखंडी रिम यांमुळे वजन वाढले, आणि डिझेल थोडे अधिक लागते, हे मी दर महिन्याच्या हिशेबात पाहतो. पैसे गेले ते वेगळेच. जुनी तीन धडकी चाके विकून त्यातले थोडे परत आले. पत्नीने पहिल्यांदा माहेरी जाताना घाट उतरून झाल्यावर विचारले, "अहो, एवढं करून मिळालं काय?" मी रिमचा व्यास, टायरची उंची इत्यादी सांगू लागलो. ती म्हणाली, "ते राहू द्या. आज माझ्या मांडीवरचा केकचा डबा उडाला नाही, एवढं कळलं."

आणि ज्यांची गाडी शहरातच फिरते, त्यांनी हा खटाटोप करूच नये, असे मी स्पष्ट सांगतो. केवळ रांगडे दिसावे म्हणून घातलेला रानटायर आणि केवळ श्रीमंत दिसावे म्हणून घातलेले वीस इंची चाक, ही एकाच आजाराची दोन लक्षणे. आपली वाट कोणती, हे आधी पाहावे. चाक तिला विचारून निवडावे.

२०२४ चा पाऊस आला. जुलैतल्या एका संध्याकाळी पलीकडच्या वाडीतून निरोप आला की, एका बाईला वेणा सुरू झाल्या आहेत आणि वाटेत मोठी गाडी शिरत नाही. मी निघालो. वाडीच्या तोंडाशी उतरून चारही चाकांची हवा उतरवली. लाल चिखलाची ती चढण गाडी रांगणाऱ्या मुलासारखी, पण न थांबता चढली. परत सडकेवर आल्यावर पंप लावला. बारा मिनिटे गेली. ती बाई आत कण्हत होती आणि तिची सासू मला "मास्तर, चला की" म्हणत होती. पण ती बारा मिनिटे मी दिली, कारण मागच्या वर्षीचा पाऊण तास मला आठवत होता.

वाटेत तो खड्डा आला. नवा असेल, पण जागा तीच, आणि पाणीही तसेच काठोकाठ. या वेळी मी वेग आवरला होता, तरी डावे चाक कडेला लागलेच. धप्प असा मऊ आवाज झाला. मी श्वास रोखून सुकाणू धरून राहिलो. गाडी सरळच चालली होती.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. दिवस उजाडण्याच्या आत बाळ झाले. मी दारात उभा राहून बॅटरीच्या उजेडात ते डावे चाक पाहिले. लोखंडी रिमच्या कडेला नखाएवढा पोचा आला होता. टायरवर लाल माती होती, दुसरे काही नव्हते. मिस्त्रींनी तो पोचा पुढच्या आठवड्यात हातोड्याने सारखा केला आणि पैसे घेतले नाहीत.

सापाच्या तोंडून वाचलेला तो मुलगा पुढे सातवीत माझ्याच वर्गात आला. हवेच्या दाबाचा धडा शिकवताना मी फळ्यावर चाकाची आकृती काढली, तेव्हा त्याने हात वर करून विचारले, "सर, त्या रात्री ही चाकं असती तर?" मी त्याला म्हटले, "बाळ, त्या रात्री मला हे गणित येत नव्हते." वर्ग हसला. तो मात्र हसला नाही. त्याने वही उघडली आणि आकृती उतरवून घेतली.